फरक नवानं भागून बघ

मच्छीमार सोसायटीच्या हिशेबात मोठा आकडा एकदम येत नाही. डिझेल, बर्फ, जाळ्याचं सूत, इंजिनाचे सुटे भाग, बँकेच्या कर्जाचा हप्ता, असं रोज थोडं थोडं लिहिलं जातं आणि मार्चअखेरीला पानाच्या तळाशी कोटीचं घर उमटतं. पाचूबंदरला अशा वह्या लिहिण्यात माझी नोकरी गेली. आधी शाईच्या पेनानं, मग बॉलपेननं, शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवर. मागं वसईचा किल्ला, पुढं खाडीचं मुख आणि मधे आमची कचेरी. खिडकी उघडली की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास टेबलापर्यंत यायचा. समुद्राचं मला शेवटपर्यंत फारसं कळलं नाही. आकड्यांचं थोडं कळलं, आणि ते कसं कळत गेलं ते सांगावंसं वाटतं.

कीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून तेरीज, हा आमचा क्रम. तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्या की त्या दिवशी घरी लवकर जायला मिळे. नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. तेरीज जुळेना, ३६० रुपयांचा फरक येत होता. मी पहिल्या पानापासून पुन्हा बेरजा मारायला घेतल्या. आमचे जुने हिशेबनीस निवृत्तीला आले होते. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “बेरजा मारत बसू नकोस. फरक नवानं भागून बघ.”

भाग गेला. चाळीस आले.

“मग कुणीतरी अंक उलटे लिहिलेत. आता नव्वदनं भाग.”

चार आले. “म्हणजे शतकाच्या आणि दशकाच्या घरातले अंक एकमेकांच्या जागी गेलेत, आणि त्या दोघांत चारचा फरक आहे. आठ-चार, नऊ-पाच, सात-तीन, असल्या जोड्या असलेल्या रकमाच बघ. बाकीच्यांकडे ढुंकून बघू नकोस.”

डिझेलच्या पानावर ती सापडली. कीर्दीत ५,८४० होते, खतावणीत ५,४८० उतरले होते. आठ शतकाच्या घरातून दशकाच्या घरात उतरला, त्यात आठ वेळा नव्वद कमी झाले. चार वर चढला, त्यात चार वेळा नव्वद वाढले. तूट उरली चार नव्वदांची, म्हणजे ३६०. अंक कुठलेही असोत, घरं कुठलीही असोत, अदलाबदलीतून येणाऱ्या फरकाला नवानं भाग जातोच, कारण दहा आणि एक, शंभर आणि दहा, हजार आणि दहा, या सगळ्या अंतरांना नवानं भाग जातो.

शून्य गाळलं तर काय होतं तेही त्यांनीच दाखवलं. ४,५०० च्या जागी ४५० लिहिले की फरक ४,०५० येतो. त्यालाही नवानं भाग जातो, आणि भागाकार येतो ४५०, म्हणजे चुकून लिहिलेली रक्कमच. रक्कम जमेऐवजी नावे पडली असेल तर फरक तिच्या दुप्पट येतो, म्हणून निम्मी रक्कम शोधायची.

तोवर माझी समजूत अशी होती की चूक म्हणजे गोंधळ, आणि गोंधळ निस्तरायचा म्हणजे सगळं पुन्हा करायचं. त्या दुपारनंतर मी आकड्याकडे बघताना आधी तो केवढा आहे हे विचारायचं सोडलं. तो कशाचा बनला आहे हे आधी विचारू लागलो. नोकरीत मला याहून उपयोगी काही कुणी शिकवलं नाही.

शाळेत गुणाकार पडताळायला नवाचा ताळा शिकवायचे. अंकांची बेरीज करायची, पुन्हा बेरीज करायची, एक अंक उरेपर्यंत. हिशेबनीस म्हणून मला त्याची मर्यादा पहिल्या वर्षातच कळली. ५,८४० च्या अंकांची बेरीज सतरा आणि ५,४८० चीही सतराच. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाही. अकराचा ताळा ती पकडतो: उजवीकडून सुरुवात करून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले की हे उत्तर बदलतंच. मी दोन्ही ताळे वापरत राहिलो. सोबतची माणसं म्हणायची की कॅल्क्युलेटर आहे की! पण कॅल्क्युलेटर बेरीज चुकत नाही, त्याला दिलेली रक्कम चुकीची असते.

कापरेकरांचं नाव मला यानंतर बऱ्याच काळानं कळलं. वसईच्या एका निवृत्त गणित शिक्षकांना मी हा नवाचा प्रकार मोठ्या उत्साहानं सांगत होतो. त्यांनी विचारलं, “मग तुम्हाला ६१७४ माहीत असेलच?” माहीत नव्हतं. त्यांनी कागद पुढं ओढला.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ ला डहाणूत जन्मले. म्हणजे आमच्याच रेल्वेलाइनवर, आजच्या आमच्याच पालघर जिल्ह्यात. वडील कारकून होते, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं. ठाण्यात शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक. आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. वही, पेन्सिल आणि संख्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या त्यांच्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, तेव्हा कुठं त्यांचं नाव जगभर गेलं. १९८६ साली ते गेले. आमच्या पाठ्यपुस्तकात ते कधी भेटले नाहीत याची मला आजही चुटपुट आहे.

चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, मग चढत्या क्रमानं, आणि मोठ्यातून लहान वजा करायचं. जे येईल त्याचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतो, आणि तिथून पुढं हलत नाही. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं.

मला यात माझी खतावणी दिसली. हे तर मुद्दाम केलेले उलटे अंकच! मग फरकाला नवानं भाग जायलाच हवा, आणि जातो: ६१७४ म्हणजे नऊ गुणिले ६८६. घरी जाऊन मी हिशेबनिसाच्या रीतीनं मांडून बघितलं. अंक मोठ्याकडून लहानाकडे क, ख, ग, घ असतील तर वजाबाकी येते ९९९ गुणिले क आणि घ मधला फरक, अधिक ९० गुणिले ख आणि ग मधला फरक. पहिला फरक एक ते नऊ, दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे जवळजवळ नऊ हजार संख्यांपैकी कुठलीही घ्या, पहिल्या वजाबाकीतच ती या ५४ जागांपैकी एकीत येऊन पडते. पुढं त्या ५४ हातानं तपासणं हे एका संध्याकाळचं काम आहे. चमत्कार म्हणून सांगितली जाणारी गोष्ट कारकुनाच्या वहीत मावते, याचा मला फार आनंद झाला.

मच्छीमारीबंदीचे दोन महिने, जून आणि जुलै, आमच्या कचेरीला निवांत असतात. होड्या शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, पोरं मोकळी. त्या दिवसांत मी पोरांना ६१७४ करायला देऊ लागलो. शिकवणी नव्हती, पाटी-फी काही नाही. कचेरीच्या ओट्यावर बसायचं, मागच्या कोऱ्या बाजूचे जुने कागद घ्यायचे. कुणी घराचा नंबर घेई, कुणी बापाच्या बोटीचा. एका पोरानं १७३९ घेतलं, चिमाजी अप्पांनी मागचा किल्ला घेतला ते साल. ९७३१ वजा १३७९, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. दोनच पायऱ्या. मग मी १९०५ घ्यायला सांगितलं, कापरेकरांचं जन्मसाल. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. पुऱ्या सात पायऱ्या, याहून लांब वाट कुठल्याच संख्येला नाही. पोरांनी ते दोनदा करून खात्री केली.

अशाच एका पावसाळ्यात मी कापरेकरांच्या डेम्लो संख्या काढल्या. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनवर त्यांना त्या सुचल्या आणि स्टेशनचंच नाव त्यांनी संख्यांना दिलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. असं करत नऊ एकांपर्यंत गेलं की येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक.

बारा अंकांचा कॅल्क्युलेटर तिथं हात टेकतो, म्हणून गुणाकार हातानंच. पोरांना मी मोठा कागद दिला आणि नऊ एकांना नऊ एकांनी लांब पद्धतीनं गुणायला सांगितलं. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, दर ओळीला एक घर डावीकडे सरकलेले. नऊ ओळी लिहून झाल्या की सगळं उभ्या रकान्यांत दिसतं: उजव्या टोकाला एका रकान्यात एकच एक, शेजारी दोन, मग तीन, मधल्या रकान्यात नऊ, आणि पुन्हा उतरत एकापर्यंत. बेरीज म्हणजे नुसती मोजणी. हातचा कुठंच नाही. ही संख्या अशी का दिसते याचं उत्तर कागदावरच असतं, वेगळं सांगावं लागत नाही.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त अठरा स्थानांची नावं दिली आहेत, एकपासून परार्धापर्यंत. त्या नावांनी आम्ही ती मोठ्यानं वाचली: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात या आकड्याच्या प्रत्येक घराला नाव तयार होतं.

त्या पोरांत एका खलाशाची मुलगी होती, आठवीतली. तिनं विचारलं, “काका, दहा एक घेतले तर?” मी म्हटलं, करून बघ. मधल्या रकान्यात दहा आले, हातचा डावीकडे गेला आणि उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ नाहीसा झाला होता, मधे दोन शून्यं येऊन बसली होती. बाकीची पोरं हिरमुसली. तिला मात्र तेच आवडलं. नक्षी कुठं मोडते आणि नेमकी कशामुळं, हे तिला नक्षीपेक्षा जास्त हवं होतं. पुढं मी बघितलं, गणितात टिकतात ती पोरं अशीच असतात.

मग तिनं नऊ एक फोडायला घेतले. अंकांची बेरीज नऊ, म्हणून नवानं भाग: १,२३,४५,६७९. त्यात आठ नाही हे तिनंच दाखवलं. १११ ला ३७ नं भाग जातो म्हणून ३७ लावून बघितले, आणि उरले ३,३३,६६७. आता हा फुटतो का? ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि त्यापुढची मूळ संख्या ५८७, तिचा वर्ग ३,३३,६६७ च्या पुढं जातो. तेव्हा ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्या आहेत १०६. बंदी संपत आली तरी तिचं चालू होतं. आई बोलवायला यायची, मासळी वाळवायच्या बांबूंची बांधाबांध करायची होती, आणि ही म्हणायची, “चारशेच्या पुढं गेलेय, थांब.” एकानंही भाग गेला नाही. ३,३३,६६७ ही मूळ संख्या निघाली.

आता सतरा अंकांचा तो आकडा पूर्ण उघडा झाला: तीनचा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३,३३,६६७ चा वर्ग. त्याला भाग जाणाऱ्या संख्या किती, ते न भागता सांगता येतं. तीन घ्यायचे पाच प्रकार, ३७ चे तीन, ३,३३,६६७ चे तीन, म्हणून पंचेचाळीस. आणि त्याच्या अंकांची बेरीज येते ८१, त्या ८१ नं त्याला भाग जातो. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं होतं. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो आहे १,२३,४५,६७९ चा वर्ग. हे मी तिला सांगितलं नाही, तिनं मला आणून दाखवलं.

पुढं ती कॉलेजात गणित घेऊन शिकली. एकदा सुट्टीत आली आणि म्हणाली, “काका, एकशेसहांची गरज नव्हती. सतरा पुरले असते.” फर्मानं १६४० साली मांडलेल्या सिद्धांतातून निघतं की नऊ एकांच्या संख्येला भागणारी मूळ संख्या, ३ सोडून, अशीच असते की तिच्यातून एक वजा केला तर उरलेल्याला अठरानं भाग जातो. १९, ३७, ७३, १०९, १२७ अशा ५७७ पर्यंत सतराच आहेत. मी विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, छे, एकशेसहा केले होते म्हणून तर वर्गात सतरा ऐकल्यावर उडाले. बाकीच्यांना ते पुस्तकातलं एक वाक्य होतं.

कॉम्प्युटर आला तेव्हा मला वाटलं होतं, आता हे सगळं मागं पडणार. झालं उलट. डिझेलच्या परताव्यासाठी सभासदांच्या बँक खात्यांची यादी तयार करत होतो. यादी पाठवण्याआधी सवयीनं रकाना डोळ्यांखालून घातला, तर सोळा अंकी खाते क्रमांक सगळेच्या सगळे शून्यावर संपत होते. इतके लोक शून्याचे कसे? कॉम्प्युटरवरचा तक्ता आकडा म्हणून लिहिलेल्या संख्येचे पहिले पंधराच अंक जपतो, पुढं शून्य ठेवतो. यंत्रात संख्या ज्या जागेत साठते तिथं दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच, सगळ्या पूर्ण संख्या नेमक्या मावतात. उपाय सोपा: खाते क्रमांक आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून लिहायचा. त्या संध्याकाळी मी आमची डेम्लो संख्या त्या तक्त्यात टाकून बघितली. शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं आली. आठवीतल्या मुलीनं कागदावर जे नेमकं केलं होतं ते कचेरीतल्या यंत्राला धरून ठेवता येत नव्हतं.

नंतर आधार आलं. पहिलं आधार सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला दिलं गेलं. आमच्याकडे यथावकाश पोचलं. त्याच्या बारा अंकांतला शेवटचा अंक पहारेकरी आहे, आधीच्या अकरांवरून ठरतो. याकोबस व्हेरहुफ या डच गणितज्ञानं १९६९ साली दिलेली ती रीत आहे. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले, तर ती पकडतेच. माझ्या जुन्या हिशेबनिसांना हे फार आवडलं असतं. फॉर्म भरताना नंबर नाकारला गेला की मी सभासदाला सांगायचो, कार्ड खोटं नाही, लिहिताना दोन अंक फिरलेत. बहुधा तेच निघायचं.

एका तांडेलानं मला सरळ विचारलं होतं, “भाऊ, या सतरा आकड्यांचा आम्हाला उपयोग काय? एवढे पैसे तर कुणी बघणार नाही.” प्रश्न रास्त होता. मी त्याला त्याच्या कर्जाचं पासबुक घेऊन यायला सांगितलं आणि हप्ता, व्याज, मुद्दल असं एकेक वेगळं करून दाखवलं. कोळीवाड्यात माणसं मोठ्या आकड्याला दबतात. कागदावर लाखाचा आकडा दिसला की सही करून मोकळी होतात, कारण आत काय आहे ते आपल्याला कळणार नाही असं त्यांनी धरलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच की ज्यानं सतरा अंकांचा आकडा एकदा स्वतःच्या हातानं उघडून बघितलाय तो सहा अंकांच्या आकड्यापुढं मान घालत नाही. ओट्यावर बसलेल्या पोरांतली काही आता स्वतः बोटींचे हिशेब ठेवतात. त्यांच्या वह्या मी बघतो. काटेकोर आहेत.

निवृत्त झालो तरी बंदीच्या दिवसांत अजून तिथं जातो. सध्या अकरा एक चालू आहेत: १११११११११११. नववीतला एक मुलगा मागं लागलाय. फर्माची रीत मी त्याला आधीच सांगून टाकली, म्हणजे इथं बावीसच्या टप्प्यानंच जायचं: २३, मग ४५ मूळ नाही म्हणून सोडायचा, मग ६७, ८९. बावीसनं बावीसनं पुढं सरकत पहिला भाजक गाठायला ९८४ वा टप्पा लागतो. भाजक दोनच आहेत, एक पाच अंकी आणि एक सहा अंकी, एवढं मी त्याला सांगितलंय. किती टप्पे आहेत ते सांगितलेलं नाही. परवा गेलो तेव्हा तो चार हजारांच्या पुढं होता आणि विचारत होता की वजाबाकीचा ताळा नवानं बघू की अकरानं.